बंबातील जाळ आणि लाकडाचा हिशेब

श्रोतेहो, चेन्नईच्या उत्तरेस, गुडूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, गुम्मिडिपूंडी नावाचे गाव आहे. तेथील औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या सळ्या काढणारे कारखाने आहेत. अशा कारखान्यात भट्टीला इंधन किती लागले, याचा हिशेब काटेकोरपणे ठेवला जातो. त्या किनाऱ्यावर सुरूचे लाकूड जळणासाठी मुद्दाम वाढवीत आले आहेत. तेच लाकूड घरच्या न्हाणीघरात जळते, तेव्हा मात्र हिशेब कोणी विचारीत नाही. वास्तविक आपला तांब्याचा बंब हीही एक भट्टीच होय.

तो हिशेब आज आपण मांडून पाहू. वीस लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापविण्यास ४०० किलोकॅलरी उष्णता लागते. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे ३,५०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे सर्व उष्णता पाण्यालाच मिळाली, तर सव्वाशे ग्रॅमही लाकूड नको. परंतु तीन दगडांच्या उघड्या चुलीवर दहा हिश्शांतील एखाद-दीड हिस्साच भांड्याला लागतो, आणि त्याच पाण्यासाठी जवळजवळ किलोभर लाकूड खर्ची पडते. मग बाकीची उष्णता जाते कोठे?

पहिली वाट ओलाव्याची. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचे निम्मे वजन पाण्याचे असू शकते. ते पाणी आधी उकळून वाफ होते, आणि मगच लाकूड पेट घेते. लाकूड फोडून, पावसापासून दूर, वारा खेळेल अशा जागी काही महिने रचून ठेवावे, हा जुन्या गृहिणींचा नियम म्हणूनच शास्त्रशुद्ध होता.

दुसरी वाट धुराची. लाकूड तापले की त्यातून वायू निघतात, आणि ज्वाला म्हणून जे दिसते ते त्या वायूंचेच जळणे असते. धूर हे न जळलेले इंधनच होय. जाड ओंडका कोंबला की हवा अडते आणि धूर वाढतो. उलट बारीक ढलप्या थोड्या थोड्या घातल्या, खालची जाळी मोकळी ठेवली, राख वेळच्या वेळी काढली, तर जाळ स्वच्छ होतो.

तिसरी वाट नळकांड्याची. बंबाच्या रचनेत मोठे शहाणपण आहे. जाळ मधोमध आणि पाणी सभोवती असल्यामुळे उष्णतेला पाण्याला टाळून जाणे कठीण होते. पण नळकांड्याला आतून काजळी धरली, किंवा पाण्याच्या बाजूस क्षारांचा थर बसला, म्हणजे तांब्यावर जणू गोधडीच पडते. ही पुटे अधूनमधून खरवडून काढावीत. बंबात पाणी भरल्याशिवाय मात्र जाळ कधीही करू नये. डाख निघून भांडे गळू लागते.

येथे एक मोह होतो. ज्वाला ओसरल्या की नळकांड्याचे तोंड झाकावे, म्हणजे निखाऱ्यांची ऊब कोंडून राहील, असे वाटते. श्रोतेहो, हे करू नका. हवा कमी पडलेल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद न्हाणीघरात तो माणसाचा प्राण घेतो. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, ही समजूत घातक आहे. बंब उघड्यावर पेटवावा. आतच असेल, तर खिडकी उघडी असावी.

वर्ध्याच्या मगन चुलीने, आणि १९५३ साली बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका लिहिणाऱ्या हैदराबादच्या डॉ. एस. पी. राजू यांनी, हा प्रश्न स्त्रियांच्या डोळ्यांचा आणि छातीचा प्रश्न म्हणून हाती घेतला. त्यानंतरच्या अनुभवाने आणखी एक धडा दिला. धुराडे धूर बाहेर नेते, परंतु तेवढ्यानेच लाकूड वाचते असे नाही. ओढ फार झाली, तर उष्णताही धुरामागोमाग आकाशात निघून जाते. आरोग्य आणि काटकसर, दोन्ही स्वतंत्रपणे साधावी लागतात.

आज पुष्कळ घरांत गॅस आणि वीज आली आहे. तरी लाकडाचा जाळ सर्वत्र विझलेला नाही. जेथे तो आहे, तेथे उद्या सकाळी एवढेच करून पाहा: बंबात घालावयाचे लाकूड आधी तराजूत घाला. आठ दिवस वजन लिहून ठेवा. नवा बंब घेण्याची गरज आहे की जुन्याच बंबाची काजळी काढण्याची, हे तो तराजूच सांगेल.