खाटेपाशी उभं राहण्याची परवानगी



फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकातल्या गदगच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ३८ विद्यार्थ्यांवर एकदम कारवाई झाली. रुग्णालयात गाण्यांवर रील बनवल्याबद्दल ही शिक्षा होती. शिक्षा झाली म्हणजे विषय मिटला, असं मानणं ही शिक्षकांची चूक ठरेल.

सरकारी रुग्णालयातली एखादी बाई पोटावरचा पदर बाजूला करते आणि दहा अनोळखी मुलं आळीपाळीने तिचं यकृत चाचपतात. संकोच वाटतो, तरी ती पडून राहते. ही मुलं शिकून डॉक्टर होणार हे तिला ठाऊक असतं. तिची संमती तेवढ्यापुरतीच असते. खिशातून फोन निघाला की ती संपते.

“फोटोतलं नाव झाकलं तर काय बिघडलं?” असं विद्यार्थी हमखास विचारतात. पण एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव छापलेलं असतं, हातावर गोंदण असतं. वय, गाव आणि आजार एवढं कळलं तरी तालुक्याच्या ठिकाणी माणूस ओळखू येतो.

२००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने रुग्णाचं गुपित उघड करायला आणि ओळख पटेल असं छायाचित्र परवानगीविना प्रसिद्ध करायला मनाई केली आहे. मात्र ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहे. विद्यार्थ्याची नोंदणी व्हायची असते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी आणलेल्या नियमांत समाजमाध्यमांचा स्वतंत्र विचार होता, रुग्णांची छायाचित्रं आणि स्कॅन तिथे टाकू नयेत असं स्पष्ट म्हटलं होतं. तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला, ते नियम स्थगित झाले.

हेतू चांगला असला तरी हानी टळत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरवर लैंगिक अत्याचार करून तिची हत्या झाली. न्याय मागणाऱ्या अनेकांनी संतापाच्या भरात तिचं नाव आणि छायाचित्रं फिरवली. असा अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. अखेर २० ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला ती सामग्री समाजमाध्यमांवरून हटवण्याचा आदेश द्यावा लागला.

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारा ‘एटकॉम’ आला. शवविच्छेदनाच्या टेबलापाशी मुलं देहदात्याविषयी आदर राखण्याची शपथ घेतात. मग ती वॉर्डात येतात आणि “१४ नंबरची डायबेटिक कुठंय?” असं सरांच्या तोंडून ऐकतात. एचआयव्ही कायदा २०१७ चा; त्यात गोपनीयतेचं बंधन स्पष्ट आहे. तरीही एखादा अहवाल भर वॉर्डात मोठ्याने वाचला जातो. ज्याच्या कानांवर रोज “१४ नंबर” पडतो, त्याला त्या खाटेचा फोटो ग्रुपवर टाकताना काही वावगं वाटत नाही. वर्तन वॉर्डात बिघडतं, मोबाइलवर ते फक्त दिसतं.

म्हणून ही विनंती विद्यार्थ्यांच्या आधी शिक्षकांना आहे. उद्याच्या राउंडला रुग्णाला नावाने हाक मारा. पडदा ओढून घ्या. “ही मुलं तपासतील, चालेल ना?” असं विचारा आणि रुग्ण नको म्हणाला तर पुढच्या खाटेकडे वळा. आपला फोन खिशातच ठेवा. मुलं तुमच्याकडे पाहत असतील.