काठ सांभाळण्याचं शास्त्र
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



आम्ही सिंचन खात्यातली डिप्लोमावाली माणसं, शास्त्रज्ञ नव्हे. पण आजचा विषय आपल्या बडोद्याला परका नाही. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ साली ‘आदित्य’ हे टोकामॅक यंत्र सुरू झालं. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ‘इटर’ प्रकल्पात भारत भागीदार आहे. त्याच्या प्रचंड क्रायोस्टॅटचे भाग सुरतजवळ हजिऱ्याला तयार झाले.

सूर्यासारखी ऊर्जा मिळवायची तर हायड्रोजनचा प्लाझ्मा तापवावा लागतो. इटरमध्ये सुमारे १५ कोटी अंशांपर्यंत. तो भिंतीला लागू नये म्हणून चुंबकीय क्षेत्रात धरतात. १९८२ साली जर्मनीत फ्रिट्झ वाग्नर यांना आढळलं, की तापवण्याची शक्ती एका मर्यादेपलीकडे नेली की प्लाझ्माच्या काठावर जणू बांध उभा राहतो आणि उष्णता आत टिकते.

बांध म्हटला की आम्हाला पुढचं लगेच समजतं. मागे दाब साठत जातो. तो हद्दीबाहेर गेला की काठ फुटतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात ऊर्जेचा लोंढा भिंतीवर आदळतो. या झटक्यांना ‘एल्म’ म्हणतात. लहान यंत्रं ते सोसतात. इटरमध्ये मात्र टंगस्टनचा पृष्ठभागही वितळू शकतो.

मग उपाय काय? धरणावर आपण काठोकाठ भरण्याची वाट पाहत नाही, दरवाजे टप्प्याटप्प्याने उचलतो. तिथेही तेच. एक, गोठवलेल्या हायड्रोजनच्या बारीक गोळ्या मारून मोठ्या झटक्याऐवजी वारंवार छोटे झटके घडवायचे. दोन, जादा वेटोळ्यांनी काठावरच्या चुंबकीय क्षेत्राची घडी किंचित विस्कटायची, म्हणजे दाब हळूहळू निसटतो. अमेरिकेतल्या ‘डी-थ्री-डी’ यंत्रावर या रीतीने मोठे झटके थांबवून दाखवले गेले. इटरच्या आत अशी २७ वेटोळी बसायची आहेत.

मात्र किंमत मोजावी लागते. काठ सैल केला की प्लाझ्माची घनता घटते. फार विस्कटला तर सगळा प्लाझ्माच कोसळू शकतो. दरवाजा किती उचलायचा, हाच खरा प्रश्न, आणि तो तिथे सेकंदाच्या अंशात सोडवायचा असतो.

आपल्या मुलांपैकी कुणी उद्या गांधीनगरच्या त्या संस्थेत हेच काम करावं, एवढं मागणं बाप्पाकडे मागतो आणि थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!