लाल लघवी आणि जुनी फाईल



बोईसर-तारापूरकडे ‘रेडिएशन’ म्हटलं की नजर आधी अणुवीज केंद्राकडे जाते. 1969 पासून ते तिथं आहे. मी आज बोलणार आहे ते उपचाराच्या रेडिएशनबद्दल, ज्याला आपल्याकडे ‘शेक’ म्हणतात. पालघरच्या पेशंटला त्यासाठी परळचं टाटा हॉस्पिटल चांगलंच ठाऊक असतं. गंमत म्हणजे तेही 1962 पासून अणुऊर्जा विभागाच्याच अखत्यारीत आहे.

गर्भाशयमुखाच्या किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगात ओटीपोटाला शेक देतात. मूत्राशय अगदी शेजारी, त्यामुळे त्यालाही थोडी झळ लागतेच. आजार बरा होतो, माणूस कामाला लागतो. आणि मग काही महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी, लघवीतून रक्त जायला लागतं. कळ येते, घडोघडी जावं लागतं. डहाणू लोकलला संडास नसतो, त्यामुळे असा माणूस प्रवासच टाळू लागतो. बायका तर बोलतच नाहीत. उन्हाळी लागली म्हणायचं आणि धने-जिऱ्याचं पाणी पीत राहायचं!

तसं करू नका. लघवीत रक्त दिसलं की डॉक्टरकडे जा आणि जुनी फाईल घेऊन जा. शेक कधी घेतला, किती घेतला, हे तिच्यात असतं. इतक्या वर्षांपूर्वीचा शेक सांगायचं सुचत नाही, आणि न सांगितलं तर डॉक्टरलाही कळायला मार्ग नाही. जंतुसंसर्ग, खडा, पुन्हा उद्भवलेली गाठ, हे सगळं आधी तपासावं लागतं, दुर्बीण घालून आतून बघावं लागतं. रक्ताच्या गुठळ्या जाऊन लघवी अडली, तर मात्र तडक हॉस्पिटल गाठा.

शेकामुळे मूत्राशयातल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बुजत जातात. रक्त पोचत नाही, जखम भरत नाही. इथं एक उपाय कामी येतो, हायपरबॅरिक ऑक्सिजन. पेशंटला बंद टाकीत बसवून हवेचा दाब दुपटीहून जास्त वाढवतात, समुद्रात 14 मीटर खोल गेल्यावर असतो जवळपास तेवढा, आणि मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन देतात. पाणबुड्यांच्या आजारासाठी हीच टाकी वापरतात. रक्तात विरघळलेला ऑक्सिजन उपाशी पेशींपर्यंत पोचतो आणि नव्या वाहिन्या फुटू लागतात.

2019 साली नॉर्डिक देशांतल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 79 पेशंटांच्या त्या तुलनेत, टाकीत बसलेल्यांच्या लघवीच्या तक्रारी इतरांपेक्षा स्पष्ट कमी झाल्या. आता, कोण टाकीत बसलं हे सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून निकाल जरा हात राखून वाचावा. शेकानं बिघडलेल्या आतड्यांवर ब्रिटनमध्ये 2016 साली असाच अभ्यास झाला, तिथं फायदा दिसला नव्हता.

एकेक बैठक दीड तासाची, आणि अशा तीस-चाळीस. म्हणजे बोईसरच्या माणसाला पुन्हा दीड-दोन महिने मुंबईची वारी, नाहीतर तिथंच मुक्काम. कान दडपतात, मधुमेह असेल तर साखर उतरू शकते. फुप्फुसाचा आजार असेल तर आधी सांगा. अंगावर सुती कपडे हवेत. तेल, मोबाईल, काडेपेटी बाहेर. ऑक्सिजनमध्ये ठिणगी म्हणजे आगच.

आणि हो, ब्यूटी-वेलनेसवाले फुगवलेल्या तंबूत झोपवून ‘ऑक्सिजन थेरपी’ देतात, त्यात एवढा दाब नसतो. तिथं पैसे घालवू नका. तुमच्या युरोलॉजिस्टलाच विचारा.