चाळिशीनंतरचे स्त्री-आरोग्य : दुर्लक्ष म्हणजे त्याग नव्हे

(महिला मेळाव्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनींनी केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



पाळी येण्याविषयी आई मुलीशी दोन शब्द तरी बोलते; पाळी जाण्याविषयी मात्र कोणी कोणाशी बोलत नाही. वास्तविक आजचे आयुर्मान लक्षात घेता स्त्रीच्या आयुष्याचा जवळजवळ एक तृतीयांश काळ रजोनिवृत्तीनंतरचा असतो. एवढा मोठा कालखंड आपण केवळ संकोचापोटी दुर्लक्षित ठेवावा काय?

तपासणीस आलेल्या भगिनीला, "रक्ततपासणी शेवटची केव्हा केली होती?" असे विचारले, तर अनेकदा उत्तर येते, "धाकट्याच्या बाळंतपणात." म्हणजे वीस वर्षांपूर्वी! मात्र यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची नावे आणि सासूबाईंच्या साखरेचा आकडा त्याच भगिनीला मुखोद्गत असतो. स्वतःविषयी विचारले की, "मला काय धाड भरली आहे?" हे तिचे ठरलेले उत्तर. या वृत्तीला आपण त्याग म्हणून गौरवितो. परंतु जिच्यावर सारे घर उभे आहे, ती अंथरुणाला खिळली की त्याची किंमत त्या घरालाच मोजावी लागते. म्हणून हे दुर्लक्ष म्हणजे त्याग नव्हे, हे प्रथम मनाशी स्पष्ट केले पाहिजे.

हा आजार नव्हे, अवस्था आहे

सलग १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. सुश्रुतसंहितेने रजःप्रवृत्तीचा काळ १२ ते ५० वर्षे असा सांगितला आहे. भारतीय स्त्रीमध्ये आज हे सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, तर पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या सुमारास आढळते. त्याआधीची काही वर्षे संक्रमणाची असतात. एकाएकी अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने जाग येणे, झोप उडणे, विसरभोळेपणा, विनाकारण डोळे भरून येणे, ही सारी इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या चढउतारांची लक्षणे होत. नेमक्या याच काळात घरात मुलांची बारावी असते आणि वडीलधाऱ्यांची आजारपणे असतात. "हल्ली ही फार चिडचिड करते," असे म्हणणाऱ्या बंधूंनी, ही चिडचिड स्वभावाची नसून शरीराची असू शकते, हे ध्यानात घ्यावे. त्रास असह्य झाल्यास संप्रेरकांचे उपचारही आहेत. ते कोणाला द्यावेत आणि कोणाला देऊ नयेत, हे मात्र तज्ज्ञानेच ठरवावे.

येथे तीन गोष्टी आग्रहाने सांगावयाच्या आहेत. पहिली, "या वयात असे व्हायचेच," म्हणून अतिरक्तस्राव अंगावर काढू नये. आणि पाळी पूर्ण थांबून वर्ष लोटल्यावर एखादा डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. कारण बहुधा साधे निघते. परंतु गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली सूचनाही असू शकते.

दुसरी, गौरी-गणपती वा घरातील मंगलकार्य आले की पाळी लांबविण्याच्या गोळ्या शेजारणीच्या सल्ल्याने घेतल्या जातात. उच्च रक्तदाब असलेल्या किंवा पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या स्त्रीस हे धोक्याचे ठरू शकते. वैद्यकीय सल्ल्याविना त्या घेऊ नयेत.

तिसरी, "मुले झाली, आता पिशवीचे काय काम?" असे म्हणून गर्भाशय काढून टाकण्याची घाई करू नये. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या भगिनींचा प्रश्न पुढे आला. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील अनेकींची चाळिशीही उलटलेली नव्हती. गर्भाशयाबरोबर बीजकोषही काढले, तर त्या दिवसापासून रजोनिवृत्ती सुरू होते आणि हाडे व हृदय यांचे नैसर्गिक संरक्षण अकाली संपते. शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक असेल तेव्हा ती करावीच. परंतु त्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे.

हाडे, हृदय आणि रक्त

इस्ट्रोजेन घटले की हाडांची झीज वेगाने होते. ती दुखत नाही, म्हणून कळत नाही. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडते तेव्हाच कळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार रजोनिवृत्तीनंतर स्त्रीला दररोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. कपभर दुधातून २०० ते २५० मिलिग्रॅम मिळते, तर १०० ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५०. तीळ तर याबाबतीत फारच समृद्ध. तो संक्रांतीपुरता न ठेवता चटणीच्या रूपाने वर्षभर पानात असावा. कॅल्शियम अंगी लागण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व आणि त्यासाठी ऊन हवे. वाळवणे घालण्यासाठी गच्चीवर जाणारी आपली आजी ते नकळत मिळवीत असे. सदनिकेत राहणाऱ्या नातीला ते ठरवून मिळवावे लागते.

रक्तक्षयाचे चित्रही चिंताजनक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील देशातील ५७ टक्के आणि महाराष्ट्रातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. याच भगिनी अशक्त शरीरानिशी पन्नाशीत प्रवेश करतात. सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले जेवणे हे त्याचे एक कारण आहे. उपवास श्रद्धेने अवश्य करावा. परंतु साबुदाणा म्हणजे बहुतांशी केवळ पिष्ट. त्याऐवजी राजगिरा, दूध, शेंगदाणे व फळे घ्यावीत आणि रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या उपवासाच्या नावाखाली परस्पर बंद करू नयेत.

रजोनिवृत्तीनंतर हृदयविकाराचा धोकाही वाढतो. स्त्रियांमध्ये छातीत कळ येण्याऐवजी धाप, मळमळ, जबड्यात वा पाठीत वेदना, अकारण थकवा अशीही लक्षणे दिसतात. "पित्त झाले असेल," म्हणून ती रात्र काढू नये.

दररोज अर्धा तास झपझप चालावे. "घरकामात व्यायाम होतोच," हा समज पुरेसा नाही. आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना बळ देणारे व्यायाम हवेत. खोकताना-हसताना लघवीचे थेंब जाणे या दुखण्यामुळे कित्येक भगिनी प्रवास टाळतात, पण बोलत नाहीत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आकुंचित करण्याच्या व्यायामाने त्यात बराच गुण येतो. योगातील मूलबंधाशी त्याचे जवळचे नाते आहे.

तपासणीने प्राण वाचतात

भारतीय स्त्रियांत स्तनाचा कर्करोग पहिल्या व गर्भाशयमुखाचा दुसऱ्या क्रमांकावर आहे. तरीही वर उल्लेखिलेल्या पाहणीत ३० ते ४९ वयाच्या, गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या स्त्रिया दोन टक्केही नव्हत्या.

याचे उत्तर महाराष्ट्रानेच जगाला दाखविले आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा दीर्घकाळ अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक भगिनींना प्रशिक्षण देऊन, सौम्य अॅसिटिक आम्ल लावून गर्भाशयमुख केवळ डोळ्यांनी तपासण्याची साधी पद्धत वापरली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. याच प्रकल्पात हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांतील स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ मध्ये सिद्ध झाले. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत एचपीव्ही विषाणूच्या एकाच चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे २००९ मध्येच दिसून आले होते. हे साध्य होण्यासाठी पंचतारांकित रुग्णालय लागले नाही. लागल्या त्या घरोघर जाऊन विश्वास संपादन करणाऱ्या सामान्य स्त्रिया.

भगिनींनो, असे काम आपणही करू शकतो. हळदीकुंकवाच्या वाणात एखादी वस्तू देण्याऐवजी तपासणीची तारीख ठरवून द्या. चार मैत्रिणींनी मिळून आरोग्य केंद्रात जा. तेथे तिशीपुढील स्त्रियांसाठी या तपासण्यांची तरतूद आहे. ज्या बाई आपल्या घरी धुणीभांडी करतात, त्यांनाही सोबत न्या. त्यांना हक्काची रजा द्या. आणि बंधूंनो, घरातील पुढची तपासणी आईची किंवा पत्नीची असेल, एवढे आजच ठरवून उठा.