तलंगांचे पहिले अंडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवशी मीही चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा मोठ्या विषयाला हात घालीत नाही. कोंबड्या मात्र वीस वर्षे पाळते आहे. तलंगांना पेटीत अंडी घालायची सवय कशी लावावी, असे पुष्कळजणी विचारतात. तेच सांगते.

अंड्यांचा पैसा हा बाईच्या हातचा पैसा. भाताचा, आंब्याचा हिशेब पुरुषमाणसांकडे असतो. पण मुलाची वही, माहेरी जायचे एस.टी.चे भाडे अंड्यांतून निघते आणि त्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही. मात्र अंडे हाती यायला हवे! पेंढ्याच्या उडवीत घातले तर मुंगूस खाते, उघड्यावर घातले तर कावळा नेतो. आणि शेजारच्या आवारात घातले, तर ‘अंडे कोणाचे’ यावरून दोन घरांत वर्षभर अबोला राहिलेला मी पाहिला आहे. एका अंड्यापायी शेजार तुटावा, हे बरे नव्हे.

तलंग पहिली काही अंडी जिथे घालते ती जागा तिच्या डोक्यात बसते. मग ती मोडणे कठीण. म्हणून तयारी पहिल्या अंड्याच्या आधी हवी. गिरिराज, वनराज अशा सुधारित जाती साधारण साडेपाच-सहा महिन्यांत अंड्यावर येतात. आपली गावठी तलंग आणखी थोडी उशिरा. तुरा लाल झाला, पाठीवर हात ठेवताच ती खाली बसू लागली, कोपरे हुंगत फिरू लागली, की वेळ जवळ आली समजावे. त्याच्या दोन-तीन आठवडे आधी पेटी ठेवावी.

पेटीला खर्च नाही. आंब्याची जुनी लाकडी पेटी चालते. एका खणाला १ फूट रुंदी, १ फूट खोली पुरे. चार-पाच कोंबड्यांना एक खण. पुढे चार बोटे उंच पट्टी मारावी, म्हणजे अंडे घरंगळत नाही. तळाशी कोरडा पेंढा घालावा. कोंबडीला अंडे घालताना आडोसा आणि अंधार लागतो, म्हणून तोंडावर गोणपाट अर्धे सोडावे. पेटी जमिनीपासून हात-दीड हात उंच ठेवावी, पण रात्री बसायची काठी तिच्याहून वर असावी. नाहीतर कोंबड्या पेटीतच झोपतात आणि घाण करतात. सुरुवातीला रात्री पेटीवर फळी लावून पहाटे काढली तर उत्तम.

पेटीत अंड्याएवढी पांढरी गारगोटी ठेवावी. ‘इथे कोणीतरी घातले आहे’ असे पाहून तलंग बिनधास्त बसते. बहुतेक अंडी सकाळी पडतात, म्हणून पहिले पंधरा दिवस दहा-अकरा वाजेपर्यंत त्यांना खुराड्यातच दाणापाणी द्यावे. जमिनीवर अंडे दिसले की लगेच उचलावे. कोपऱ्यात बसू लागलेली तलंग अलगद उचलून पेटीत ठेवावी. ओरडू नये, हाकलू नये. घाबरली की ती त्या जागेला फिरकत नाही.

अंडी दिवसातून दोनदा-तीनदा काढावीत. साचली की फुटतात, आणि फुटक्या अंड्याची चव लागली की कोंबडी अंडी खाऊ लागते. कवच मुख्यतः चुन्याचे असते, म्हणून शिंपल्या कुटून वेगळ्या भांड्यात ठेवाव्यात. पेंढा ओला झाला की बदलावा, आणि उवा-पिसवांसाठी राख-माती लोळायला द्यावी. थंडीत दिवस लहान झाल्याने अंडी कमी होतात. त्यात पेटीचा दोष नाही.

एवढे केले, की आपले अंडे आपल्या पेटीत आणि शेजारणीशी गोडी जिथल्या तिथे. कोणाला पेटी पाहायची असेल तर माझ्या पडवीत अवश्य या. मात्र दुपारनंतर या. सकाळी माझ्या तलंगा कामात असतात.