स्वस्त गावाचा महाग हिशेब
(मंडळाच्या वार्षिक सभेतील भाषण)



दिवाळीला पुण्याहून, इंदूरहून मुले घरी आली की एक वाक्य ठरलेले असते, "तुमचं बरं आहे, बऱ्हाणपुरात स्वस्ताई आहे." आम्हीही मान डोलावतो. घर वाडवडिलांचे, भाड्याचा प्रश्न नाही. केळी दारात, भाजी ताजी, बाजार पायी जाण्याजोगा.

पण वर्षाचा खर्च कागदावर मांडला की बोलणे बदलते. किराण्यात वाचलेला पैसा बाहेरगावी जातो. मोठे दुखणे निघाले की जळगाव नाहीतर इंदूर. रोगी एक, सोबत दोघे, लॉजचे भाडे, खानावळ, आणि तेवढे दिवस दुकान बंद. मुलगा बारावी झाला की इंदुरात खोली, मेस, क्लास. ज्या महागाईतून आपण सुटलो म्हणतो, ती दरमहा इथूनच भरतो.

मग हे गाव कधी खरोखर मोठे आणि परवडणारे होते का? होते. मोगलांच्या दक्षिणेच्या कारभाराचे हे मुख्य ठाणे होते. फौज, विणकर, व्यापारी, सगळ्यांना पाणी हवे. १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानाच्या काळात कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत धरायचे आणि नुसत्या उतारावर शहरापर्यंत आणायचे. मोट नाही, पंप नाही. वरून एका ओळीत शंभराच्या आसपास कुंड्या, हवेसाठी आणि साफसफाईसाठी. पाण्याचा खर्च शहराने एकदा केला, घराघराला तो करावा लागला नाही. आज आपण काय करतो? आधी बोअर, मग मोटर, मग विजेचे बिल, आणि शेवटी प्यायला जार विकत. (वाड्यांतल्या विहिरी आपणच बुजवल्या, हेही सांगून टाकलेले बरे.) २०२२ मध्ये गावागावांत घरोघरी नळ दिल्याबद्दल आपला जिल्हा देशात पहिला प्रमाणित झाला, त्याचा आनंद आहेच. पण नळाला पाणी किती वेळ येते, हे विचारण्यात कमीपणा कसला?

कमाईचेही तसेच. लालबागेतली ताप्ती मिल १९०६ ची. तिच्या पगारावर इथली कित्येक घरे उभी राहिली. २०२० च्या टाळेबंदीत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या इतर गिरण्यांबरोबर तीही थांबली. उरले पॉवरलूम. तिथे जितका कपडा तितकी मजुरी. ज्याच्या हातात पैसाच कमी, त्याला स्वस्ताईचे कौतुक काय सांगावे?

आणि एक खास आपले दुखणे. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, निमाड मध्य प्रदेशात राहिला. त्याची तक्रार आता नको, इथली मातीही आपलीच आहे. मात्र कर्नाटक सीमेवरच्या ८६५ गावांतील मराठी मुलांना महाराष्ट्रात प्रवेशासाठी सवलत आहे. रावेर आपल्या उंबऱ्याशी, तरी आपल्या मुलांना ती नाही. घरात मराठी बोलणारा मुलगा तिकडे परप्रांतीय ठरतो आणि त्याची फी आपल्याला जड जाते. दोन्ही राज्यांच्या सरकारांकडे हे मांडायला हवे. आजवर आपण ते नीट मांडलेले नाही.

मत मागायला येणाऱ्यांना आपण चहा पाजतो, जुन्या ओळखी काढतो आणि मोकळे सोडतो. या वेळी मंडळाने एक वही केली आहे. प्रत्येक घराने गेल्या वर्षी पाण्यावर, बाहेरगावच्या औषधोपचारावर आणि मुलांच्या शिक्षणावर किती खर्च केला, तेवढे तीनच आकडे लिहायचे. नाव लिहिले नाही तरी चालेल, मोहल्ला लिहावा. पक्ष कोणताही असो, येणाऱ्या प्रत्येक उमेदवारापुढे तीच वही ठेवायची आहे. आज जेवणाच्या पंगतीआधी ती दाराजवळच्या टेबलावर असेल, पेनही ठेवले आहे.