खड्ड्यातला माग

ग्वाल्हेरहून आग्र्याकडे निघालं की लगेच बिर्लानगर स्टेशन लागतं. ग्वाल्हेर संस्थानाच्या शिंदे राजांच्या आश्रयानं घनश्यामदास बिर्लांनी इथं १९२१ साली जियाजीराव कॉटन मिल काढली. १९४७ मध्ये ग्वाल्हेर रेयॉन आली. वस्ती भोंग्यावर उठायची आणि भोंग्यावरच निजायची. तो भोंगा आता वाजत नाही. गिरणी केव्हाच बंद पडली.

पण याच संस्थानातल्या चंदेरी गावात माग अजून चालू आहेत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांना चंदेरी साडीचं कौतुक नव्यानं सांगायला नको. ट्रंकेच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, आजीची एखादी चंदेरी असतेच.

कोरड्या हवेत धागा तुटतो, ही अडचण गिरणीलाही होती आणि विणकरालाही. ग्वाल्हेरकडची उन्हाळ्यातली लू ज्यांनी सोसली आहे, त्यांना हे पटेल. कापडगिरण्यांनी यावर यंत्रं बसवली आणि खात्यात पाण्याचे तुषार सोडून स्वतःपुरता पावसाळा तयार केला. विणकरानं घरातच खड्डा खणला, त्यात पाय सोडून बैठक मारली आणि माग जमिनीलगत मांडला. मातीचा ओलावा धाग्याला आपोआप मिळू लागला. चंदेरीचा ताणा कच्च्या रेशमाचा, बाणा तलम सुताचा. अशा नाजूक धाग्याशी जबरदस्ती चालत नाही. हवा पाहायची, मग हात चालवायचा.

निसर्गाशी नातं जोडायला आपण सुट्टी काढून डोंगरावर जातो. विणकराचं नातं रोजच्या कामातच आहे. म्हणून हातमाग पवित्र आणि गिरणी पापी, असं मी म्हणणार नाही. चंदेरीच्या मागानंही गिरणीचं सूत शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच आपलंसं केलं. यंत्राकडून काय घ्यायचं आणि कुठं थांबायचं, हे त्या विणकरांनी स्वतः ठरवलं. आपण मात्र ते ठरवणं सोडून दिलं आहे.

चंदेरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी यंत्रमागावरच्या नकला त्याच नावानं विकल्या जातात. तेव्हा पुढची चंदेरी घेताना काठ-पदर जरूर पाहा, भाव जरूर करा. पण त्याआधी दुकानदाराला एवढं विचारा, ‘ही हातमागावरची आहे का?’